एकटीचा फ्लेक्स

॥ श्री ॥

सिन्नर फाटा, नाशिकरोड
दि. १६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आशाताईस,
दीपकचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू दाजींना विचारशील की दीपकचा फोन बिघडलाय की डोकं. फोन शाबूत आहे. पण तेजू तिकडे तुझ्याकडे आल्यापासून, तुझा फोन वाजला की उठून परसात जाते असं तूच सांगितलंस. पोरगी आपला आवाजही ऐकायला तयार नाही म्हटल्यावर मला फोनवर बोलायला सुचत नाही. म्हणून लिहायला बसलोय. तुझं लग्न झालं तेव्हा तुला लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच पत्र. अक्षराला हसू नकोस.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. या भाऊबीजेला मी येत नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात युनिटच्या दुरुस्तीचं काम निघालंय आणि साहेब लोक रजा द्यायला तयार नाहीत. ओवाळणी पाठवतो. राग मानू नकोस.

तेजूने तिकडे काही सांगितलं नसणार, म्हणून मीच सांगतो. कोलंबोला सोळा वर्षांखालच्या मुलींची आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धा होती. चौघींचा संघ, चार पटांवर एकाच वेळी चार डाव, आणि चौघींचे गुण मिळून सामन्याचा निकाल. आपल्या देशाच्या चौघींत दोघी नाशिकरोडच्या. एक आपली तेजू, दुसरी फारुखभाईंची अदिबा. अदिबाला तू ओळखतेस, मे महिन्यात तुझ्याकडे येऊन गेली आहे. शेवटच्या फेरीला कझाकस्तानशी गाठ होती. अदिबा जिंकली, एकीची बरोबरी झाली, एक हरली. राहिली तेजू. तिने बरोबरी केली असती तर रौप्य नक्की होतं, जिंकली असती तर सुवर्ण. समोरच्या मुलीने बरोबरी देऊ केली, प्रशिक्षकांनी घे म्हणून सांगितलं. हिने मान हलवली आणि खेळत राहिली. मग हरली. भारत चौथा आला. चौघींपैकी कुणाच्याही गळ्यात काही पडलं नाही.

माझंही चुकलं. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशीच फाट्यावर तेजूच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. 'नाशिकची सुवर्णकन्या'. आमच्या भागातून यंदा महापालिकेला उभे राहणारे एक साहेब आहेत, त्यांची हौस. मीही उत्साहात त्याचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला. जागा न पुरल्यामुळे अदिबाचा फोटो त्यावर घेता आला नाही, तेही जरा राहूनच गेलं. निकाल लागल्यावर फ्लेक्स काढायला माणूस मिळेना. त्या चौकातून कामावर जाताना मी हेल्मेटची काच खाली ओढून घ्यायचो.

तिला बोलती कर. तुझं ती ऐकते. दाजींना नमस्कार सांग आणि आम्हा सगळ्यांवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
दीपक


॥ श्री ॥

अंबाजोगाई
दि. २४ ऑक्टोबर २०२५

चि. दीपक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल ताट करून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. एवढीशी कोर, पण बिचारा वेळेवर आला आणि त्याने रजेची सबबही सांगितली नाही. परवाच मंगलचा फोन आला होता. तुझी रजा मंजूर होती आणि तू ती आपणहून रद्द करून घेतलीस, हे तुझ्या बायकोने मला न विचारता सांगितलं. तुला लेकीसमोर यायचं नव्हतं असं सरळ लिहिलं असतंस तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते.

तेजू जेवते, झोपते, माझ्याबरोबर चकल्या पाडल्या. चकल्या चांगल्या झाल्या, तुझ्या वाटच्या दाजींनी खाल्ल्या. पण पोरीने आल्या दिवशीच दाजींचा बुद्धिबळाचा पट उचलून माळ्यावर ठेवला. ती मोहात पडावी म्हणून दाजी शेजारच्या सावळीरामला बोलावून मुद्दाम खुळ्यासारखे हरतात. निदान मला तरी ते मुद्दाम आहे असं सांगतात. ही तिकडे ढुंकून बघत नाही. स्वतःचा फोन बंद करून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. महिनाअखेरीस पुण्यात निवड चाचणी आहे ना, ती देणार नाही म्हणते.

हरल्याचं दुःख मी ओळखते. आमच्या शाळेची कबड्डीची पोरं हरली की दोन दिवस रडायची आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर असायची. हे तसं नाही. अदिबाला चार दिवस इकडे बोलाव, असं मी म्हटलं तर ही तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती. हरलेल्या पोरीला मैत्रीण हवीशी वाटते रे. हिला ती नकोशी झाली आहे, किंवा तिला तोंड दाखवायची हिला लाज वाटते आहे.

म्हणून तू पाठवलेला त्या फ्लेक्सचा फोटो मी पुन्हा उघडला, चष्मा पुसून बघितला. मध्ये आपली तेजू, ताडासारखी उंच. वर पुढाऱ्यांची रांग, खाली शुभेच्छुकांची रांग, डाव्या कोपऱ्यात साहेबांचा पुतण्या गॉगल लावून, उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी कुत्रा असावा असं मला वाटलं पण तेही मंडळाचे उपाध्यक्षच निघाले. आणि एका पोरीपुरती जागा पुरली नाही? दीपक, मी वर्गात तीस वर्षं काढली. मला खरं काय ते लिही. मी ओरडणार नाही असं काही मी म्हणत नाही.

मंगलला आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझी,
आशाताई


॥ श्री ॥

सिन्नर फाटा, नाशिकरोड
दि. ३० ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आशाताईस,
दीपकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगलने आधी वाचलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं. दोन दिवस ते तसंच ठेवून कामावर जात होतो. आज सुट्टी आहे आणि पळायला जागा उरलेली नाही.

फ्लेक्सवर जागा होती. छापणाऱ्या मयूरने पहिला नमुना दोघींचाच केला होता. निळ्या जर्सीत दोघी शेजारी शेजारी, वर 'नाशिकच्या लेकी'. चांगला दिसत होता. तो साहेबांना दाखवला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की दीपकभाऊ, पोरगी हुशार आहे, माझं काही म्हणणं नाही, पण दिवस निवडणुकीचे आहेत. तिचं नाव आपल्या बॅनरवर दिसलं की दहा जण दहा प्रश्न विचारणार. तुमची एकटी ठेवा, उठून दिसेल. आवाज चढवला नाही, वाईट शब्द नाही. खांद्यावर हात ठेवून बोलले. आणि मी हो म्हणालो. कुणाला विचारलं नाही, मीच हो म्हणालो.

ताई, मी फारुखभाईंना काय कमी ओळखतो? त्यांचं स्टेशनजवळ गाद्या-सोफ्यांचं दुकान. क्लास सुटायची वेळ आणि माझी दुसरी पाळी एकच. पाऊस असला की ते दुकान पोरावर सोडून दोघींना स्कूटरवर घ्यायचे आणि आधी तेजूला आमच्या दारात सोडायचे, मग देवळालीगावात स्वतःच्या घरी जायचे. असं कित्येक वर्षं. एकदाही म्हणाले नाहीत की वाट वाकडी पडते. माझ्या मनात त्या वेळी हे आलं नाही असं नाही. आलं होतं. तरी हो म्हणालो, कारण साहेब माझ्या पोरीला सुवर्णकन्या म्हणत होते आणि अख्ख्या फाट्याला ते दिसणार होतं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी उशिराचा फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. दर दिवाळीला जातो, यंदा टाळत होतो. ठरवून गेलो होतो की सांगायचं आणि माफी मागायची. जहिदाभाभींनी चहा टाकला. मी तोंड उघडायच्या आत फारुखभाईंनीच फ्लेक्सचा विषय काढला. मोबाइल पुढे केला. फ्लेक्स लागला त्या दिवशी ते भाभींना घेऊन खास फाट्यावर गेले होते. फ्लेक्ससमोर उभं राहून दोघांनी फोटो काढून घेतला होता. भाभींनी वर तेजूकडे बोट दाखवलंय आणि दोघं हसतायत. तो त्यांनी कोलंबोला अदिबाला पाठवला होता, की बघ आपल्या तेजूचा केवढा मोठा फोटो लागलाय.

मी ओशाळलो हे म्हणणं फार थोडं आहे. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी म्हणालो की अदिबाचाही घ्यायचा होता, जागाच पुरली नाही. फारुखभाई लगेच म्हणाले की हो ना, फ्लेक्सवर कुठे मावतात सगळे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इतक्या लगेच म्हणाले, ताई, की मला कळलं, त्यांना सगळं ठाऊक आहे. कदाचित फ्लेक्ससमोर उभं राहून हसतानाच कळलं असेल. मला अवघड होऊ नये म्हणून ते माझ्या खोट्याला हात देत होते. मी चहा संपवून घरी आलो.

आता हवं तेवढं ओरड. यातलं तेजूला काही सांगू नकोस. तिचा यात काही दोष नाही.

तुझा,
दीपक


॥ श्री ॥

अंबाजोगाई
दि. ५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
तेजस्विनीचा शि. सा. न.

आत्या म्हणाली की तुमचं पत्र आलंय, पण मला वाचायला दिलं नाही. तुझा यात दोष नाही एवढंच तुझ्या बापाने लिहिलंय, असं म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी कळलंय असं वाटलं. म्हणून तिच्यासमोर बसूनच हे पत्र लिहितेय. ती भाजी चिरतेय आणि बघत नाही असं दाखवतेय.

बाबा, तुम्ही मला दोन्ही नमुने पाठवले होते. विश्रांतीच्या दिवशी संध्याकाळी सरांनी आमचे फोन परत दिले तेव्हा तुमचा मेसेज होता. एक दोघींचा, एक माझा एकटीचा, आणि खाली विचारलं होतं, कोणता चांगला वाटतो. अदिबा माझ्या शेजारच्या पलंगावर बसून केस विंचरत होती. मी दुसऱ्यावर अंगठा दाखवला. तो उठून दिसत होता म्हणून. अदिबाला का काढलं असेल ते मी तुम्हाला विचारलं नाही. मला साधारण कळलं होतं. शाळेतही असं होतं कधीकधी. पण मी एकटी एवढी मोठी दिसत होते, मला फार छान वाटलं. खरंच छान वाटलं, बाबा.

मग शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी अदिबाला तिच्या अम्मी-अब्बूंचा फोटो आला. तिने तो मलाच आधी दाखवला. ते हसत होते म्हणून तीही हसत होती. मग तिने दोन बोटांनी मागचा फ्लेक्स मोठा केला. डावीकडून बघत उजवीकडे गेली, मग खालची सगळी रांग बघितली. ती स्वतःला शोधत होती. मग फोटो परत लहान केला आणि म्हणाली की तुझा फोटो मस्त आलाय. मी थँक्यू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डावात माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं आणि एकेक हत्ती उरला होता. बरोबरी घेतली असती तर रौप्य होतं. सरांना एवढंच सांगता येतं, घे किंवा नको, जास्त बोलायला परवानगी नसते. ते घे म्हणाले. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटतं मला फुशारकी होती. थोडी होतीच, फ्लेक्सवर सुवर्ण लिहिलं होतं. पण माझ्या डोक्यात असंही होतं की सुवर्ण मिळालं तर तुम्ही नवा फ्लेक्स लावाल, चौघींचा, आणि तो पहिला उतरेल आणि अदिबा विसरून जाईल. मी पटाकडे बघत होते आणि मला तिची ती दोन बोटं दिसत होती. घाईत हत्ती चुकीच्या घरात ठेवला. हात काढल्या काढल्या कळलं. अदिबा सगळे डाव अपराजित होती आणि तिला काहीच मिळालं नाही. ना पदक, ना फ्लेक्स. दोन्ही माझ्यामुळे. ती बाहेर माझं जॅकेट घेऊन उभी होती, कारण त्या हॉलमध्ये फार गार होतं.

आता खरं सांगायचं ते. रविवारी तिने आत्याच्या फोनवर फोन केला. आत्याने फोन माझ्या कानाला लावून दाराला बाहेरून कडी घातली, तुम्हाला माहीत आहेच तिचं. अदिबा म्हणाली की पुण्याच्या चाचणीला मी आले नाही म्हणून तीही गेली नाही. पुढची जानेवारीत आहे, तेव्हा नाटक करू नकोस. मग तिने विचारलं की फ्लेक्सचं काकांना माहीत होतं का, का छापणाऱ्याकडून राहिलं. मी म्हटलं, छापणाऱ्याकडून राहिलं, बाबांना माहीतच नव्हतं.

बाबा, तिला इतका आनंद झाला. म्हणाली, मला वाटलंच होतं, मी अम्मीशी यावरून भांडलेसुद्धा, दीपककाका असं करणारच नाहीत म्हणून. आणि मग ती बडबडत सुटली, सगळं पूर्वीसारखं.

मी तेव्हापासून नीट जेवलेले नाही. आत्याला विचारा.

मी पंधरा तारखेला येतेय. माझ्या अंगठ्याचं मी तिला तोंडावर सांगणार आहे. ती काय म्हणेल माहीत नाही, बोलणं बंद करेल कदाचित. पण तुमचं मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा, मी यायच्या आधी. मी सांगितलं तर ती तुमची चहाडी होईल, आणि नाही सांगितलं तर ती अम्मीशी भांडत राहील.

आईला सांगा मला तिची आठवण येते. तुमचीही येते, पण राग पण येतो. दोन्ही एकदम येतं. तुमची माया माझ्यावर असू दे.

तुमची,
तेजू


सिन्नर फाटा, नाशिकरोड
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. अदिबा हीस,
दीपककाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं घर माझ्या घरापासून स्कूटरवर पाच-दहा मिनिटांवर, आणि काका पत्र लिहितोय याचं तुला हसू येईल. मागच्या वेळी तुमच्याकडे आलो तेव्हा जे सांगायला आलो होतो ते सोडून भलतंच बोललो. तू क्लासला गेली होतीस. तुझ्या अब्बूंसमोर माझी जीभ उलटली, तर तुझ्यासमोर काय झालं असतं कुणास ठाऊक. कागदावर निदान खोडता येतं. हा मी आधी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

फ्लेक्सच्या पहिल्या नमुन्यात तू होतीस. तेजूच्या शेजारी, निळ्या जर्सीत, आणि तेजूपेक्षा तुझाच फोटो चांगला आला होता. छापणाऱ्या मयूरची काही चूक नाही. त्याने तुला घेतलं होतं. ज्यांच्या नावाने फ्लेक्स लागला ते साहेब म्हणाले की तुझं नाव नको. कशासाठी नको ते तू पंधरा वर्षांची आहेस, तुला कळतं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिलं की त्यांच्यावर ढकलल्यासारखं होतं. त्यांनी सांगितलं आणि मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर माझं काही बिघडणार नव्हतं. फार तर फ्लेक्स लागला नसता.

तू घरी माझ्या बाजूने भांडलीस असं कळलं. बेटा, त्या भांडणात तुझ्या अम्मीचं बरोबर होतं. तेजूने तुला सांगितलं की मला माहीत नव्हतं. तिने बापाची अब्रू झाकली. मला माहीत होतं.

त्या साहेबांनी येत्या रविवारी तेजूचा सत्कार ठेवला आहे, चौथा क्रमांक का असेना. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन नाही म्हणून आलो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. जेव्हा म्हणायला हवं होतं तेव्हा म्हणालो नाही.

तू त्या स्पर्धेत एकही डाव हरली नाहीस. हे मी तुला आजवर एकदाही म्हटलं नाही, अभिनंदनाचा एक शब्दसुद्धा नाही. आमच्या घरात सगळं बोलणं तेजू का हरली यावरच चाललं होतं. फार सुंदर खेळलीस.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मी स्वतः घेऊन येतोय. जहिदाभाभींच्या हातात देईन आणि तू वाचून होईपर्यंत बाहेर रस्त्यावर उभा राहीन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. अब्बू आग्रह करतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. त्यांचं ऐकू नकोस. तुला वाटलं तरच उघड.

तुझा,
दीपककाका